कानवालीची उलटी बाजू

आमच्या घरातून कोणतीही मुलगी बाहेर पडली की तिच्या सामानात एक पान जातं. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं, देठासकट. नव्या घरी ते कुंडीतल्या मातीवर टेकवून ठेवायचं, की काही आठवड्यांनी त्याच्या शिरांतून पिल्लं वर येतात. मला माझ्या आईने दिलं, आईला तिच्या आईने. झाडाचं खरं नाव आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. पानं कानासारखी, वरून हिरवी आणि चंदेरी ठिपक्यांची, खालून लालबुंद. म्हणून आम्ही तिला कानवाली म्हणायचो.

आईने पान हातात देताना सांगितलं होतं, "नव्या घरात बोलायला कोणी नसलं की हिच्याशी बोल. हिला कान आहेत आणि तोंड नाही. असं माणूस तुला सासरी मिळायचं नाही."

मी बोलले, भरपूर बोलले. आमचे हे शिंपी. पुढच्या खोलीत यांचं मशीन आणि मशीनशेजारच्या खिडकीत कानवाली. यांच्याबद्दल मला जे काही म्हणायचं असायचं ते मी झाडाला पाणी घालता घालता म्हणायची, आणि हे मशीनच्या आवाजात ऐकू येत नसल्याचं दाखवायचे. असा आमचा संसार चालला.

आता पाळी नातीची होती. तिला लांबच्या शहरात नोकरी लागली. शेवटची परीक्षा उरकली की जायचं होतं. म्हणजे अजून काही महिने होते. आणि नेमकी तेव्हाच कानवाली माना टाकायला लागली.

आधी वाटलं ऊन जास्त होतंय. कुंडी हलवली. मग वाटलं पाणी कमी पडतंय. शेवटी कुंडीतून उपटून पाहिलं तर मुळं काळी, चिकट, आणि वास असा की हे मशीन सोडून बाहेर जाऊन उभे राहिले. मी चांगली पानं तोडून दुसऱ्या कुंड्यांत लावली. तीही देठापासून सडत गेली. एकेक करत सगळी गेली आणि एकच पान राहिलं. त्याचाही देठाकडचा भाग काळा पडायला लागला होता.

नात म्हणाली, "राहू दे ना आजी. मी तिथे दुसरं झाड घेईन."

"घे की," मी म्हटलं. "मग त्याला माझ्या आईचं नाव सांग."

पोरीला टोचून बोलायचं नव्हतं मला. पण माझी सगळी उमर त्या खिडकीत गेली होती, आणि नातीच्या सामानात ती खिडकी जाणार नव्हती, हे काही केल्या मनातून जात नव्हतं.

तेव्हा सून बोलली. आमची सून रोपांच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे मातीत झाडं लावत नाहीत, बाटलीत लावतात. झाडाचा एवढासा तुकडा घेतात, आणि त्याच्यापासून शेकडो रोपं उठवतात. ती मला कितीदा सांगायची आणि मी हो हो म्हणायची, पण खरं सांगते, माझा विश्वास नव्हता.

"आई, पानाचा पुढचा अर्धा भाग अजून चांगला आहे," सून म्हणाली. "मातीत लावलंत तर हेही सडेल. बाटलीत मातीच नसते. रोग जाईल कुठून?"

"मग झाड खाणार काय?"

"जेली. तिच्यात साखर असते, क्षार असतात, आणि दोन औषधं. एक मुळं धरायला लावतं, एक कोंब. पहिलं जास्त झालं की नुसत्या मुळ्या सुटतात. दुसरं जास्त घातलं की कोंब येतात. दोन्ही सारखी झाली तर नुसता गोळा वाढत बसतो, त्याला काय व्हायचंय तेच ठरत नाही."

"तुझ्या नवऱ्यासारखा," हे मशीनवरून म्हणाले. हे ऐकू येत नसल्याचं दाखवायचं विसरले होते.

अडचण एकच होती. सुनेचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. बाटल्या धुण्याच्या खोलीत ओल्या फरशीवरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. तिथल्या बाकीच्या मुली एका मोठ्या ऑर्डरमध्ये बुडालेल्या. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना सुनेने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घरच्या एका पानासाठी मला मुलगी सोडता येणार नाही. पण ज्या कपाटात तुकडे कापतो ते जेवणाच्या सुट्टीत रिकामं असतं. ज्याचा हात थरथरत नाही असं कोणी असेल तर घेऊन ये."

सुनेने घरी येऊन यांच्याकडे पाहिलं. यांचं वय झालं तरी सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो. चष्मा न लावता नाही, पण जातो.

असे आम्ही दोघं तिथे गेलो. यांना पांढरा अंगरखा, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. अंगरखा घालताना यांनी आधी आतून उलटा करून त्याची शिवण पाहिली आणि नाक मुरडलं. मला आत जायला बंदी. मी काचेच्या खिडकीबाहेर उभी राहिले.

आत एक पुढून उघडं कपाट होतं. त्याच्या आतून सतत वारा बाहेर येतो, गाळून स्वच्छ केलेला, म्हणजे खोलीतली घाण आत शिरत नाही. तिथला सगळ्यांत कडक नियम असा, की बाटली उघडी असताना कपाटासमोर कोणी बोलायचं नाही. तोंडाला फडकं असलं तरी नाही. बोललं की तोंडातले जंतू उडतात आणि जेलीवर बुरशी उगवते. तिथल्या मुली या नियमाला इतक्या सरावल्यात, की घरीही भाजी चिरताना कोणाशी बोलत नाहीत असं सून सांगते. आमची सून चिरताना नाही, पण एरवी बोलते.

बोलता येणार नाही म्हणून तिने यांना सगळं आधीच समजावून दिलं होतं. पान ब्लीचच्या पाण्यात बुडवायचं, मग निर्जंतुक पाण्यात पुन्हापुन्हा खंगाळायचं. काचेच्या बशीत ठेवून पात्याने कडा काढून टाकायच्या. मग नखाएवढे चौकोन, प्रत्येक चौकोनात एक शीर यायला हवी. चिमट्याने उचलून जेलीवर अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. चिमटा दर वेळी ज्योतीतून काढून गार करायचा. हे ऐकत होते आणि मान डोलवत होते. "म्हणजे बेतून कापायचं," एवढंच म्हणाले.

एक गोष्ट सांगायची मात्र राहून गेली, कारण सुनेला वाटलं ती सांगायची गरजच नाही.

काम सुरू झालं. यांचा हात मी इतकी वर्षं बघत आले, पण त्या दिवशी बघत राहावं असा चालला होता. पातं सरळ, चौकोन सारखे, एक तुकडा चुकला नाही. आणि एकदम दिसलं की मागे उभी असलेली सून चुळबुळतेय. तिने यांच्या खांद्यावर बोट टेकवलं. यांनी मान हलवली आणि पुढचा तुकडा उचलला. तिने पुन्हा टोचलं. यांना वाटलं असावं, घाई कर म्हणतेय. यांनी वेग वाढवला. तिने "उं! उं!" असा आवाज काढला. हे खूश झाले, आणखी भरभर ठेवायला लागले. सून एका हाताने हवेत काहीतरी उलटंपालटं करून दाखवत होती, पण यांची पाठ तिच्याकडे. प्लास्टरचा हात तिने यांच्या पाठीवर आपटला तेव्हा शेवटच्या बाटलीचं झाकण लागत होतं.

बाहेर आल्या आल्या तिने तोंडावरचं फडकं ओढून काढलं.

"बाबा! सगळे उलटे ठेवलेत!"

"उलटे कसे? सुलटेच ठेवलेत."

"लाल बाजू वर आहे! लाल बाजू खाली हवी, जेलीला टेकलेली. हिरवी वर!"

"कापड असंच ठेवतात," हे म्हणाले. "चांगली बाजू खाली, उलटी वर. खडूच्या खुणा उलट्या बाजूला करायच्या असतात. चांगल्या बाजूवर कोण खूण करतं?"

"तुम्ही कुठे खुणा केल्या?"

"नाही केल्या. पण ठेवायची पद्धत ती."

मला राहवेना. "अगं, मग तुला तोंड नव्हतं का? ओरडायचं!"

"आई, बाटल्या उघड्या होत्या!"

तिला रडू आवरेना. पान संपलं होतं. उरला होता तो काळा देठ, आणि तो तिने कचऱ्यात टाकला होता.

मोठ्या बाई जेवून आल्या, त्यांनी सगळं ऐकलं आणि आधी पोट धरून हसल्या. मग बाटल्या बघितल्या. सून म्हणाली, परत उघडून सरळ करू का. त्या म्हणाल्या, "मुळीच नको. दर वेळी उघडशील तेवढं बुरशीला आमंत्रण. ठेव तशाच. त्या पानाला वर कुठे आणि खाली कुठे ते आपल्यापेक्षा बरं कळतं."

"मग होईल?" मी विचारलं.

"झालं तर झालं. तुकडे मात्र सुरेख कापलेत," असं म्हणून त्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे तोंड पाडून बसले होते, पण तेवढ्याने जरा मान वर झाली.

त्यानंतरचे आठवडे घरात विचित्र गेले. सून संध्याकाळी आली की मी विचारायची, "पाणी घातलंस का तिला?" ती म्हणायची, "आई, बाटलीत पाणी घालत नाहीत." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारायची. वाटायचं, जीव कोंडून ठेवलाय पोरीने. हे काहीच विचारायचे नाहीत. एकदा गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला यांनी खिसा आतून लावला. असं यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

बातम्या येत होत्या त्या चांगल्या नव्हत्या. काही बाटल्यांत बुरशी आली, त्या फेकल्या. राहिलेल्यांत तुकडे फुगले, वाकडे झाले. सून म्हणाली, हे ठीक आहे, पानाला आपण पान असल्याचं विसरावं लागतं, त्याशिवाय ते नवं काही होत नाही. मग ते तपकिरी पडायला लागले. ती रोज फळीसमोर उभी राहून वरून बघायची, बाजूने बघायची. जेली दुधाळ, बाजूने आरपार दिसत नाही. वर नुसतं वाळल्यासारखं पान. नातीची परीक्षा संपली. तिच्या बॅगा बाहेर निघाल्या.

"आई," एका संध्याकाळी सून चपला न काढताच म्हणाली, "फळी रिकामी करायची आहे. ऑर्डरची रोपं ठेवायला जागा हवी. उद्या त्या बाटल्या कुकरमध्ये जातील." तिथे टाकायच्या बाटल्याही आधी वाफेवर शिजवतात, म्हणजे बुरशी पसरत नाही.

मी म्हटलं, "मग मला एकदा बघू दे."

आम्ही दोघं, सून आणि नात, चौघंही गेलो. आता आत जायला हरकत नव्हती, कारण जायचं होतं ते फळ्यांच्या खोलीत. तिथे भिंतीभर फळ्या, प्रत्येक फळीवर दिवे, आणि बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीत एकेक हिरवा झुपका. इतकं हिरवं मी एका खोलीत कधी पाहिलं नाही. आणि खालच्या फळीच्या कोपऱ्यात आमच्या बाटल्या. झाकणावर सुनेने डाव्या हाताने वाकडंतिकडं लिहिलेलं, 'आई'. आत तपकिरी तुकडे, चहाच्या चोथ्यासारखे.

नातीने माझा हात धरला. "आजी, जाऊ दे ना."

"जाऊ दे तर जाऊ दे," मी म्हटलं.

एवढ्यात यांनी एक बाटली उचलली आणि सरळ उलटी केली. बूड वर, झाकण खाली.

"बाबा!!" सून अशी ओरडली की पलीकडच्या खोलीतून मोठ्या बाई धावत आल्या. तिथे बाटली उलटी करायची नाही हा दुसरा मोठा नियम. झाकणाला आतून पाण्याचे थेंब असतात, आणि ओल्या झाकणातून बुरशी शिरते. मला मात्र वाटलं आता सगळी जेली यांच्या पायावर पडणार. पण ती खाली आली नाही, चिकटून राहिली.

"ओरडू नकोस," हे म्हणाले. "टाकायचीच आहे ना? शिवण कशी झाली ते आतूनच बघायचं असतं."

त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि बाटलीचं बूड दिव्यासमोर धरलं. बघत राहिले. मग बाटली सुनेपुढे केली.

तिने बुडाला डोळा लावला. बराच वेळ लावला. मला धीर धरवेना.

"अगं, काय?"

"आई," ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता खाली फरशीवरच बसली. "आई, खाली आलेत! कोंब खाली आलेत!"

मग मीही पाहिलं. बुडाच्या काचेतून, दिव्याच्या उजेडात, दुधाळ जेलीच्या आत, तुकड्याच्या पोटाशी फिकट हिरवे ठिपके. मोहरीएवढे. कडेला एकदोन जरा मोठे, आणि त्यातला एक चक्क वाकून वर यायला निघालेला. ज्या बाजूने जेली टेकली होती त्या बाजूने पानाने सगळं घेतलं होतं आणि तिथेच कोंब धरले होते. वरचं नुसतं टरफल उरलं होतं.

मोठ्या बाईंनी बाकीच्या बाटल्याही स्वतःच्या हातांनी उलट्या केल्या. "आता नियम मोडलाच आहे तर नीट मोडू," त्या म्हणाल्या. दोन बाटल्यांत होते, बाकीच्यांत नाही. "पण आता थांबू नका. झाकणं ओली झालीत. आत्ताच्या आत्ता नव्या जेलीवर हलवा."

सुनेचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगट अजून आखडलेलं, चिमटा धरवत नव्हता. तिने यांच्याकडे बघितलं. हे आधीच अंगरखा शोधत होते.

"थांबा," मी म्हटलं. "आत जाण्याआधी काय ते बोलून घ्या. मला पुन्हा तो तमाशा काचेतून बघायचा नाही."

मग दाराशीच ठरलं. खांद्यावर एक टिचकी म्हणजे थांबा. दोन म्हणजे चालू द्या.

"आणि बाजू?" यांनी विचारलं.

"कोंब वर, बाबा."

"म्हणजे आता चांगली बाजू वर."

"हो, तीच. तुमचीच."

हे असे ताठ आत गेले की जसं काही पहिल्यापासून हेच ठरवून कापलं होतं. या वेळी काचेतून बघताना मला सुनेचं बोट दिसत होतं. टिचकी, टिचकी. टिचकी, टिचकी. एकदाच नुसती एक पडली तेव्हा यांचा हात जिथे होता तिथे थबकला, आणि नात शेजारी उभी राहून श्वास रोखून धरत होती. मग दोन टिचक्या पडल्या, तिने श्वास सोडला, मीही सोडला.

एका बाटलीला पुढे बुरशी लागलीच. दुसरी स्वच्छ राहिली. त्या कोंबांना हळूहळू पानं फुटली, नखाएवढी, पण आकार तोच. पुढे सुनेने दुसऱ्या औषधाची जेली दिली, मुळं धरायची. नातीचं नोकरीवर रुजू होणंही दोन महिने पुढे गेलं, आणि ती निघायच्या वेळेपर्यंत बाटलीत तीन बारीक रोपं उभी होती, पांढऱ्या मुळांवर. मातीत जायला अजून तयार नव्हती. बाटलीतल्या रोपाला बाहेरची हवा एकदम सोसत नाही, सवय लावावी लागते.

"म्हणजे मी बाटलीच नेऊ?" नात म्हणाली.

"बाटलीच ने," सून म्हणाली. "आणि तिथे मी सांगेन तेव्हाच उघड. उघडलीस की मुळं कोमट पाण्यात धू, जेलीचा कण राहता कामा नये. मग छोट्या कुंडीत लाव, वरून प्लास्टिकची पिशवी घाल, आणि पिशवीला रोज थोडं थोडं भोक पाड."

मी म्हटलं, "आणि झाकण लावलेलं असलं तरी बोल हिच्याशी. काच आहे, भिंत नाही."

हे दोन दिवस मशीनवर काहीतरी शिवत होते आणि मी जवळ गेले की मांडीखाली लपवत होते. निघायच्या सकाळी बाहेर काढलं. बाटलीच्या मापाची जाड पिशवी, आत कापूस भरलेला, वर दोरी ओढली की तोंड बंद. नातीने हातात घेतली, फिरवली, मग आतून बाहेर केली. आतही तेच कापड, तशीच साफ शिवण, धाग्याचं एक टोक दिसेल तर शपथ.

"आजोबा, हिची सुलटी बाजू कुठली?"

"हिला उलटी बाजू नाहीये," हे म्हणाले. "कशीही ठेव. मला आता कोणाचं ऐकून घ्यायचं नाही."

नात हसली आणि बाटली पिशवीत घातली. मग पिशवी तोंडाजवळ नेऊन तिने दोरीच्या फटीतून आत काहीतरी पुटपुटलं. बराच वेळ. यांच्याकडे बघून एकदा हसली आणि पुन्हा पुटपुटली.

"काय सांगितलंस तिला?" यांनी विचारलं.

"ते नाही सांगायचं, आजोबा."

"माझ्याबद्दल होतं?"

मी यांना म्हटलं, "मशीन चालू करा, म्हणजे तुम्हाला ऐकू येणार नाही."